बाहीवरचा बिल्ला

मला कोणी विचारलं असतं, स्काउटच्या गटात तुम्ही कोण, तर गेल्या गुरुवारपर्यंत माझं उत्तर ठरलेलं होतं. मी भांडारवाली. तंबू, दोऱ्या, पातेली, दोन कुदळी आणि प्रथमोपचाराची पेटी हे सगळं माझ्या दुकानाच्या माळ्यावर असतं. ज्याला हवं त्याने येऊन मागायचं, मी चार शब्द सुनावायचे आणि मग द्यायचं, अशी आमची पद्धत. माझं दुकान शिवणकामाचं. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, पडदे शिवायचे. मुलं मला टेलरमावशी म्हणतात. मी फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ माझ्या नाकावरच्या रागामुळे झाला.

दर रविवारी सकाळी शाळेच्या मागच्या हॉलमध्ये बावीस मुलंमुली जमतात. गाठी मारायला शिकतात, नकाशा वाचतात, तंबू उभारतात आणि पाडतात. त्यातली एक माझी भाची, बहिणीची मुलगी. बहीण हॉस्पिटलात नर्स आहे आणि रविवारी तिची पाळी असते, म्हणून पोरीला मी घेऊन जाते. नेता नेता मीच कधी अडकले ते मला कळलं नाही. तिथे मोठ्या माणसांना पगारबिगार नसतो, तरी पदं इतकी की एखाद्या कारखान्यात नसतील.

बँकेतल्या बाईंनी त्या पदांचा एक तक्ता काढून हॉलच्या भिंतीवर लावलाय. चौकोन आणि बाण. सगळ्यात वर विभाग कार्यालय. त्याखाली गटप्रमुख, म्हणजे आमचे निवृत्त पोस्टमनकाका. त्याखाली पथकप्रमुख, जो मुलांना प्रत्यक्ष शिकवतो, शिबिराला नेतो आणि ज्याच्या सहीशिवाय पान हलत नाही. त्याच्या हाताखाली उपप्रमुख, त्या स्वतः बँकेतल्या बाई. आणि कडेला एका छोट्या चौकोनात मी. इथवर ठीक आहे. मग एक समिती आहे. ती गटप्रमुखांना विचारते आणि गटप्रमुख तिला विचारतात. आणि एक तुटक रेघ आहे, ती माझ्या चौकोनातून निघून समितीला वळसा घालून परत माझ्याच चौकोनात येते. ती कशाची, असं मी बाईंना एकदा विचारलं होतं. त्या रेघेवरून एकदा बोट फिरवून म्हणाल्या, "सहकार्याची."

पथकप्रमुख म्हणजे आमचा वायरमन. उंच, हात लांब, बोलणं कमी. घरी एकटाच असतो. बायको केव्हाच सोडून गेली. त्यावर तो बोलत नाही आणि मी विचारत नाही, एवढी अक्कल मला आहे. अडीच वर्षांपूर्वी तो हॉलमधली ट्यूब बदलायला आला होता. शिडीवरून खाली बघत होता, तर एका पोराची गाठ सारखी सुटत होती. हा खाली उतरला, वायरचा तुकडा घेतला आणि खांबाभोवती न सरकणारी गाठ मारून दाखवली. पुढच्या रविवारी आपणहून आला, म्हणाला, पंख्याचा आवाज येत होता ना, तो बघायला आलो. पंखा बिचारा ठणठणीत होता. पोस्टमनकाका म्हणाले, आता थांबाच, शर्ट शिवून घ्या.

या वर्षी आमच्या पथकाचं पहिलं चार दिवसांचं शिबिर होतं, तळ्याकाठी. वायरमन वर्षभर त्याच्याच मागे होता. एका वहीत त्याने बावीस जणांच्या बुटांचे नंबर लिहून घेतले होते. कोण अंधाराला घाबरतं, कोणाला दुधाने उलटी होते, कोणाची कोणाशी कट्टी आहे, सगळं त्या वहीत. शिबिराला दहा दिवस उरले होते आणि गुरुवारी ते पत्र आलं.

आता पत्रांचं असं आहे की गटाचा पत्ता म्हणून माझ्या दुकानाचा पत्ता दिलेला. विभागाची पाकिटं माझ्या नावावर येत. मला वाटायचं, दुकान माझं म्हणून नाव माझं. 'पथकप्रमुख' असं दिसलं की मी पाकीट न फोडता वायरमनच्या हातात द्यायची. या पाकिटावर मात्र लाल अक्षरात 'तातडीचे' असं होतं आणि वायरमन शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर. मी फोडलं. आत लिहिलं होतं की, आपण पथकप्रमुख असूनही गेल्या दोन वर्षांत प्रशिक्षण घेतलेलं नाही, सबब शिबिराची परवानगी रोखण्यात येत आहे, रविवारी विभागाचे प्रतिनिधी हॉलवर येतील. आणि वर माझं नाव. आपण म्हणजे मी.

मी ते तीनदा वाचलं. वायरमनने प्रशिक्षण घेतलं होतं. पूर्ण आठवडा काम बंद ठेवून गेला होता, प्रमाणपत्र आणलं होतं, मीच त्याला काच बसवून दिली होती. मग हे काय? काही केल्या टाळक्यात शिरेना. शटर अर्धं ओढलं आणि तशीच बँकेत गेले.

बँकेतल्या बाई काउंटरमागे होत्या. त्यांनी पत्र दोन्ही बाजूंनी बघितलं. "हे पथकप्रमुखांचं आहे, तुमचं नाही."

"नाव माझं आहे."

"तुम्ही भांडार आहात."

"मी भांडार आहे हे मला माहितीये हो बाई. त्यांना का माहीत नाही?"

"मग हे गटप्रमुखांकडे जाईल," त्या म्हणाल्या, "किंवा समितीकडे. तक्त्यात बघावं लागेल." आणि माझ्यामागच्या माणसाला पुढे यायची खूण केली. मी काय पासबुक भरायला आले होते?

पोस्टमनकाका घरी जुना रेडिओ उघडून बसले होते. पत्र वाचून त्यांनी शांतपणे चष्मा काढला. "बरोबरच आहे की. तू गेलीच नाहीस प्रशिक्षणाला."

"मी कशाला जाऊ?"

"पथकप्रमुख तू. मग काय मी जाऊ?"

मला वाटलं, म्हातारा चळला. मी शांतपणे समजावलं की काका, पथकप्रमुख वायरमन आहे, दोन वर्षं झाली. काका माझ्याकडे असे बघायला लागले की जणू चळलेली मीच. मग उठले, कपाटातून फाइल काढली आणि एक फॉर्म माझ्यापुढे धरला. पथकप्रमुख म्हणून मी काम करायला तयार आहे. खाली सही. माझी.

सही बघितली आणि मला तो दिवस आठवला. काका दुकानात आले होते विभागाचं जाडजूड पाकीट घेऊन. माझ्या तोंडात टाचण्या, समोर एक गिऱ्हाईक अर्ध्या पँटीत उभं. काकांनी कागद पुढे केला, मला वाटलं पाकीट मिळाल्याची पोच. न वाचता सही ठोकली. टाचण्या तोंडात असल्यामुळे बोललेही नाही काही. आयुष्यात एकदा गप्प बसले, ते असं अंगाशी आलं.

"पण काका, मलाच का?"

"कपड्यांची मापं घ्यायला आली होतीस ना हॉलवर, तेव्हा बावीस पोरं तू दहा मिनिटांत ओळीत उभी केलीस. मला दोन वर्षांत जमलं नव्हतं. म्हटलं, हीच."

"मग वायरमन दोन वर्षं काय करतोय असं तुम्हाला वाटत होतं?"

"तू त्याला काम दिलंय असं वाटत होतं. पुस्तकात लिहिलंय, चांगला पथकप्रमुख कामं वाटून देतो. मी म्हटलं, काय बाई आहे, सगळंच वाटून मोकळी झाली."

"त्याच्या बाहीवरचा बिल्ला नाही दिसला?"

"मला माझा दिसत नाही चष्म्याशिवाय," काका म्हणाले.

बिल्ल्याचं नाव मीच काढलं आणि जीभ चावली. कारण तो बिल्ला त्याच्या बाहीवर विभागाने लावला नव्हता. मी लावला होता.

झालं होतं ते असं. त्या जाडजूड पाकिटात चार कापडी बिल्ले होते. गटप्रमुख, पथकप्रमुख, उपप्रमुख, भांडार. सोबत नावांची यादी नाही, काही नाही. माझ्याकडे चार नवे शर्ट शिवून तयार होते, काकांचा, बँकेतल्या बाईंचा, वायरमनचा आणि माझा. मी काकांना फोन केला की कोणाला कोणता लावू. ते म्हणाले, तू बघ. आता कळतंय, ते पथकप्रमुखाला म्हणत होते की तुझी माणसं, तू बघ. मला वाटलं, म्हातारा हात झटकतोय. काकांचा बिल्ला सोपा होता. भांडाराचा मी घेतला, कारण माळा माझा. उरले दोन बिल्ले आणि दोन शर्ट. पथकप्रमुख बँकेतल्या बाईच होणार हे कोणालाही दिसत होतं. हजेरी त्यांची, वह्या त्यांच्या, शिट्टीसुद्धा त्यांची. पण त्याच दिवशी सकाळी त्या तिसऱ्यांदा दुकानात येऊन म्हणाल्या होत्या, कॉलर तिरकी आहे. कॉलर तिरकी नव्हती. मान तिरकी आहे त्यांची. माझं डोकं असं फिरलं होतं की मी मोठा बिल्ला उचलला आणि वायरमनच्या बाहीवर ठेवून मशीन चालवलं. दोन मिनिटांचं काम. आणि सगळ्यांना वाटलं, विभागाकडून ठरून आलंय. बाई चार दिवस गप्प होत्या, मग त्यांनी तक्ता काढला.

"सांगून टाक त्याला," काका म्हणाले. "रविवारी परक्या माणसाकडून कळण्यापेक्षा तू सांग."

शुक्रवारी मी गेले सांगायला. एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तो भिंतीतल्या पाइपमधून वायरी ओढत होता. सगळीकडे सिमेंटची धूळ. मला बघून त्याला आनंद झाला, त्याने एक उलटी बादली पुसून मला बसायला दिली आणि वही काढली.

"ताई, तंबूंची वाटणी बघा जरा. तुमच्या भाचीला तळ्याच्या बाजूला नको, अलीकडे ठेवलंय. पहिल्या दिवशी नको. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणेल."

मी वही बघत राहिले. अक्षरं दिसत होती पण काही वाचता येत नव्हतं.

"एक सांगू? हसू नका," तो म्हणाला. "तो बिल्ला लावलेला शर्ट तुम्ही दिलात ना, तो मी घरी नेऊन खुर्चीवर टाकला आणि नुसता बघत बसलो. म्हटलं, तिकडे ऑफिसात कोणीतरी बसून माझा विचार केला असेल. नाव वाचलं असेल, म्हटलं असेल हा माणूस चालेल. माझ्याबद्दल असा कोणी बसून विचार केलेला मला तरी आठवत नाही."

पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी पर्सची चेन उघडली, रुमाल काढला, नाक पुसलं, चेन लावली. म्हटलं, धूळ फार आहे हो इथे. आणि जिने उतरून घरी आले. चार माणसांना एका दमात गप्प करणारी मी, मला एक वाक्य बोलता आलं नाही. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

रविवारी विभागाच्या मॅडम आल्या. वयाने लहान होत्या, पायात साधे बूट, काखोटीला फाइल. मुलं बाहेर तंबूच्या खुंट्या मोजत होती. मॅडमनी आधी भिंतीवरचा तक्ता वाचला आणि विचारलं, "ही तुटक रेघ कशाची?" सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "पथकप्रमुख कोण?"

वायरमन पुढे झाला. शर्टाला इस्त्री केली होती.

मॅडमनी फाइल उघडली, त्याच्याकडे बघितलं, परत फाइलकडे. "इथे एका बाईंचं नाव आहे. त्यांनी प्रशिक्षण घेतलेलं नाही. आणि तुमच्या गटातून प्रशिक्षण घेऊन गेलेले एक गृहस्थ आहेत, त्यांची पथकप्रमुख म्हणून नोंदच नाही. गेली दोन वर्षं आम्हाला हे काही कळत नाहीये."

"चूक झाली असेल तुमच्याकडे," वायरमन म्हणाला. "मला बिल्ला तुम्हीच पाठवला."

"आम्ही बिल्ले पाठवतो. माणसं गट ठरवतो."

त्याने काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे. वायरमन हसत होता अजून, काहीतरी गंमत चाललीये आणि आपल्याला कळत नाहीये असं.

मी बोलले. सगळं बोलले. टाचण्या, सही, फोन, चार शर्ट, कॉलर. काही लपवलं नाही. तुम्हाला कोणीच निवडलं नव्हतं भाऊ, म्हटलं. मला बाईंचा राग आला होता आणि तुमचा शर्ट हाताशी होता.

बँकेतल्या बाईंनी मानेवर हात नेला आणि हळूच म्हणाल्या, "ती कॉलर अजून तिरकी आहे."

वायरमनचं हसू कुठे गेलं ते कळलं नाही. त्याने स्वतःच्या बाहीकडे बघितलं. मग माझ्यासमोर आला आणि हात पुढे केला. "उसवा."

"अहो, राहू द्या."

"नोंदीत नाही तर बाहीवर कशाला? उसवा, ताई."

कात्री माझ्या पर्समध्ये कायम असते. मी टाके कापायला लागले. मशीनची पक्की शिलाई, माझीच, निघता निघेना. त्याने हात जराही हलवला नाही. बिल्ला निघाला तेव्हा खालचं कापड निळंशार होतं, मी कापलं त्या दिवशी होतं तसं. बाकीचा शर्ट दोन वर्षं उन्हात फिरून पार उडून गेला होता. दारात माझी भाची येऊन उभी होती, हातात खुंट्या घेऊन. "मावशी, हे काय करतेयस?" तिने विचारलं. मी बिल्ला टेबलावर ठेवला.

"शिबिर रद्द का मग?" वायरमनने मॅडमना विचारलं. स्वतःचं काही विचारलं नाही.

मॅडम पानं उलटत होत्या. "पद बदलायला तीन महिने लागतात. पण नोंदणीतला पथकप्रमुख स्वतः शिबिराला हजर राहणार असेल, तर प्रशिक्षण झालेल्या माणसाला तो त्या शिबिराचा प्रमुख नेमू शकतो. लेखी. कारणं देऊन." त्यांनी माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. "तुम्हाला तंबूत राहावं लागेल, चार दिवस."

मला पालीची भीती वाटते, किड्यांची वाटते, जमिनीवर झोपले की कंबर धरते. "राहीन," मी म्हटलं.

"मग नाव लिहा कोणाचं ते. प्रशिक्षण बँकेतल्या मॅडमचंही झालंय," त्या म्हणाल्या.

ते मला माहीत नव्हतं. बँकेतल्या बाई ताठ उभ्या राहिल्या. म्हणजे परत तेच. दोन शर्ट आणि मी. फरक एवढाच की या वेळी बाई माझ्यापुढे शिट्टी धरत होत्या. "त्यांना लागेल," म्हणाल्या, वायरमनकडे न बघता.

तो खिडकीशी जाऊन उभा होता. "बाईंचं लिहा ताई," तो म्हणाला. "त्यांचंच होतं ते. माझं म्हणजे काय, शर्ट हाताशी होता."

मी खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसले. बिल्ल्यांच्या वेळी मी उभी होते, मशीनपाशी, रागात. या वेळी बसले. नाव लिहिलं, त्याचं. खाली 'निवडीची कारणे' असं होतं आणि दोन ओळी आखलेल्या. मापं सोडून मी कधी काही लिहिलेलं नाही. सुरुवात कशी करतात हेही मला माहीत नाही. मी ओढ्यापासून सुरू केलं. गेल्या सहलीत माझी भाची ओढ्यापाशी अडून बसली, पाण्याला घाबरते, तर यांनी तिला ओढलं नाही की समजावलं नाही. बाकीच्यांना बाईंबरोबर पलीकडे पाठवलं आणि स्वतः तिच्याशेजारी काठावर तासभर बसले, फ्यूज कसा उडतो ते सांगत. शेवटी तीच म्हणाली, चला काका. दोन ओळी तिथेच संपल्या. अजून बुटांचे नंबर राहिले होते, दुधाची उलटी राहिली होती, जाड चष्म्याचा तो मुलगा राहिला होता ज्याला कोणी आपल्या तुकडीत घेईना आणि यांनी त्याच्या हातात होकायंत्र देऊन त्याला सगळ्यांच्या पुढे चालवलं.

"मॅडम, पुरवणी द्या," मी म्हटलं.

"दोन ओळी पुरतात," त्या म्हणाल्या.

"मला नाही पुरत."

त्यांनी फाइलमधून कोरी पानं काढून दिली. मी लिहीत होते, खोडत होते, परत लिहीत होते. बाहेर मुलांचा आरडाओरडा वाढला होता.

"ताई, एवढं काय लिहिताय?" वायरमनने खिडकीपाशी उभ्यानेच विचारलं. "नाव लिहिलं की झालं की."

"गप्प उभे राहा," मी म्हटलं. "मी बसून तुमचा विचार करतेय."

तो वळला. खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, मुलं खुंट्या मोजत होती तिकडे. मी दुसरं पान घेतलं.